पाहिल्याशिवाय सही नाही

१ ऑक्टोबर २०१८, सोमवार. सकाळी सात.

उद्यापासून तास सुरू. विषय: शासकीय वित्त व्यवस्थापन आणि नियंत्रण. नवी वही काढली. संकल्प लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून पळवाट नको.

पाठ्यपुस्तक नाताळापर्यंत लिहून पुरं करायचं. बारा प्रकरणं, बारा आठवडे. गणित सरळ आहे. प्रस्तावना मागच्या वर्षीच झाली, म्हणजे खरं तर निम्मं काम झालंच. सायकलचं मागचं चाक पंक्चर आहे ते काढून आणायचं. कॉफी दिवसाला तीन.

देसान्का म्हणाली, संकल्प करायला एवढं मोठं टेबल कशाला लागतं, ऊठ, मला भाजलेल्या मिरच्या सोलायच्यात. उठलो. बायकोनं नवऱ्याचं काम गांभीर्यानं घ्यायला छत्तीस वर्षं कमीच पडतात.

२ ऑक्टोबर, मंगळवार.

नऊ विद्यार्थी. नऊ! सगळे नोकरीवाले, तिशीपासून पन्नाशीपर्यंतचे. डीनबाई म्हणाल्या, हिशेबाच्या खुर्चीवर आता डिग्रीवालाच बसेल असा नियम निघालाय, म्हणून आलेत. मला तसं वाटत नाही. डोळ्यांत ओढ दिसली. आठाच्या खाली आकडा गेला तर पुढच्या सेमिस्टरला विषय बंद, असंही बाई म्हणाल्या. त्यांना माझी काळजी वाटते.

विद्यापीठाच्या इथल्या शाखेचा वर्ग भरतो तो एका बंद पडलेल्या बूट कारखान्याच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर. हीटर एक, तो डीनबाईंच्या खोलीत. मी विद्यार्थ्यांना ‘सहकारी’ म्हणतो, विद्यापीठात तशीच रीत. ते मला प्रोफेसर म्हणतात. मी प्रोफेसर नाही, नेगोतिन नगरपालिकेचा निवृत्त मुख्य लेखापाल, तासावर पैसे घेणारा. पण दर वेळी दुरुस्त करत बसलं तर तास बुडतो.

पहिल्या तासाला नेहमीप्रमाणे छताची गोष्ट सांगितली. साल १९८८. मी कारकून, त्याआधी सोसायटीच्या काट्यावर द्राक्षं तोलत होतो, तिथून इथवर आलेला. एका गावच्या शाळेचं छत नवं घातल्याचं बिल आलं. इंजिनियरची सही झालेली. नगराध्यक्ष म्हणाले, तिहोमिर, कर सही. मी म्हणालो, छत कुठंय? शिडी मागवली आणि चढलो. वर उभा राहिलो, खाली सगळं गाव माना वर करून बघतंय, आणि एकेक कौल मोजायला लागलो. मग फळ्याकडे वळायचं आणि मोठ्या अक्षरात लिहायचं: पाहिल्याशिवाय सही नाही. गोष्ट तिथंच संपवायची, छतावर.

मागच्या बाकावरून जमीन नोंदणीतला स्रेतेन म्हणाला, प्रोफेसर, शिडी खाली कोणी धरली होती? हशा झाला. हा माणूस वर्गाचं मीठ आहे. दुसऱ्या बाकावर पाणीपुरवठा कंपनीतली हिशेबनीस, कोविल्का. सत्तेचाळीस वर्षांची, बावीस वर्षं नोकरी. ती हसली नाही. तिनं फळ्यावरचं वाक्य वहीत उतरवलं आणि पट्टी घेऊन खाली रेघ मारली.

१६ ऑक्टोबर, मंगळवार.

गृहपाठ तपासला. आपापल्या ऑफिसची जोखीम नोंदवही: काय बिघडू शकतं, किती बिघडू शकतं, जबाबदार कोण. स्रेतेननं दोन धोके लिहिलेत: साहेब बदलेल. साहेब बदलणार नाही. दहापैकी पाच गुण.

कोविल्काची एकच ओळ. ‘मी न पाहिलेल्या कामांवर दर महिन्याला सही करते. जबाबदार: मी.’ दहा गुण. सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. म्हणालो, सहकारी, धोका लिहून काढला की तो अर्धा उरतो. तिनं विचारलं, त्या उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं? म्हणालो, ते चौथ्या प्रकरणात.

चौथं प्रकरण लिहायला हवं.

२४ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळ.

कोविल्का घरी आली. हातात लाल चटणीची बरणी, पायात चिखलानं भरलेले बूट. देसान्कानं तिला आधी माझे कोरडे मोजे दिले, मग बोलू दिलं.

प्रकरण असं: गावाबाहेर तिसऱ्या विहिरीच्या पंपघरात नवा पंप बसवला, चालवून पाहिला, उत्तम चालतो, असा कागद तिच्या टेबलावर आला. इंजिनियरची सही झालेली, दुसरी सही तिची. बावीस वर्षं अशा कागदांवर ती सही करत आली. या वेळी सुटी झाल्यावर चालत गेली. म्हणते, पंप नाही. सिमेंटचा ओटा आहे, त्यावर काही नाही. परत आली आणि सही केली नाही.

मला भरून आलं. दोन वर्षं या विषयात घालवली त्याचं चीज झालं. म्हणालो, सहकारी, तुम्ही आज माझं छत चढलात. तिला ते आवडलं असावं, कारण रडली.

ती गेल्यावर देसान्का म्हणाली, आणि पाणीपुरवठ्याचा डायरेक्टर कोण आहे ते आठवतंय ना? आठवतंय. ब्लागोये. माझा कुम. आमच्या लग्नात साक्षीला तो उभा होता, आमच्या लेकीला, यासनाला, बाप्तिस्म्याच्या पाण्यावर त्यानंच धरलं. सख्ख्या भावाशी लोक कोर्टात जातात. कुमाशी कोणी गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

जोखीम: मध्यम.

८ नोव्हेंबर, गुरुवार.

ब्लागोयेच्या घराण्याच्या संताचा दिवस. या दिवसाला कोणी आमंत्रण देत नाही. ज्यानं यायचं तो येतो, आणि कुम गेला नाही तर सगळं नेगोतिन विचारतं. गेलो. ठरवून गेलो की विषय मीच काढायचा, ठामपणे.

मेणबत्ती, गव्हाचा प्रसाद, कोबीच्या पानातले खिम्याचे गुंडे, अख्खं डुक्कर. तिसऱ्या ताटानंतर ब्लागोये मला खांद्याला धरून तळघरात घेऊन गेला, पिंपातून वाइन काढली आणि म्हणाला, अरे कुमा, लोकांच्या डोक्यात काय भरवतोस? पंप येतोय. कागद आधी येतो, पंप मागून येतो, तू तीस वर्षं हेच बघितलंस. तुझ्या त्या बाईला पंप हात लावून बघायचाय! रिबीन बांधून तिच्या घरी पाठवू का? मग हसला. त्याच्या हसण्यात वाईटपणा नसतो, हे मला कायम वाटत आलंय. मग म्हणाला, तुझ्या वर्गात पोरं किती? मी आकडा सांगितला. तो म्हणाला, कमी पडले तर सांग, माझ्याकडचे नऊ जण पाठवतो, त्यांनाही डिग्रीचा कागद लागणारच आहे.

मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि म्हणालो, वाइन यंदा फार चांगली उतरली आहे.

ही वेळ नव्हती. घरात पाहुणे होते.

१३ नोव्हेंबर, मंगळवार.

दोघे कमी झाले. एक व्हिएन्नाला परांच्या बांधायला गेला, दुसऱ्यानं कारण कळवलं नाही, तोही तिकडेच असणार. उरले सात. डीनबाईंनी जिन्यात थांबवून पुन्हा आठाचं बोलून दाखवलं. म्हणालो, बाई, दर्जा बघा. त्या म्हणाल्या, दर्जाचा रकाना फॉर्ममध्ये नाही.

२६ नोव्हेंबर, सोमवार.

कोविल्काला हिशेबातून उचललं. आता घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचते. वर शिस्तभंगाची चौकशी. फेब्रुवारीत कमिशनपुढे उभं राहायचंय. आरोप: कामात जाणूनबुजून अडथळा.

तिनं माझ्याकडे एक पान मागितलं. एकच. तज्ज्ञ म्हणून एवढंच लिहायचं की न पाहिलेल्या कामावर सही नाकारणं हा अडथळा नाही, तेच तिचं काम आहे. आणि पंप तिथं नाही. म्हणाली, प्रोफेसर, कमिशनवर तिघं आहेत, तिघंही तुमच्या हाताखाली शिकलेत, तुमचा शब्द मोडणार नाहीत.

लगेच होकार दिला. एक पान काय, म्हणालो, दोन लिहीन! तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला. थंडीत मीटरची लोखंडी झाकणं उचलून उचलून तिच्या बोटांना भेगा पडल्यात.

२७ नोव्हेंबर, मंगळवार.

पत्र सुरू. तीन वाक्यं झाली, उत्तम झाली. चौथ्याशी अडलो. चौथं वाक्य असं हवं: पंप तिथं नाही.

पण पंप तिथं नाही हे मी कुठं पाहिलंय?

कॉफी घेतली. मग लख्ख दिसलं. मी हे लिहिलं, तर न पाहिलेल्या गोष्टीवर सही केली असं होईल. म्हणजे तिला शिकवलेलं तत्त्व तिच्याचसाठी मोडायचं! हे तिला स्वतःलाच पटणार नाही. फार हलकं वाटलं. दुपारी छान झोप लागली.

देसान्काला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग जाऊन बघ. सायकलीनं वीस मिनिटं. म्हणालो, पंक्चर. चालत पाऊण तास. गुडघा. ती म्हणाली, बस जाते. हिवाळ्यातलं बसचं वेळापत्रक भरवशाचं नसतं, हे तिला माहीत नाही असं नाही.

१५ डिसेंबर, शनिवार.

बर्फ. सायकलीचा प्रश्नच मिटला.

पत्रावर पुन्हा विचार केला. एक पान एका माणसाला वाचवतं. पाठ्यपुस्तक पिढ्यान्‌पिढ्यांना वाचवेल. तेव्हा शक्ती पुस्तकावर लावायची. कोविल्काचं प्रकरण तिसऱ्या प्रकरणात नाव न घेता उदाहरण म्हणून घालायचं: ‘समजा एका लहान शहरात एक पंप आहे.’ नंतर खोडलं. ‘समजा एक पंप असायला हवा आहे.’ हेही खोडलं. भाषेवर काम करायला हवं.

कॉफी आज सहा.

७ जानेवारी २०१९, सोमवार. जुन्या कॅलेंडरचा आमचा नाताळ.

देसान्कानं सणाची भाकरी केली, आत नाणं घालून. यासना व्हिएन्नाहून फोनच्या पडद्यावर बसली होती, नात चमच्यानं टेबल बडवत होती. भाकरी मोडली. एक तुकडा माझा, एक देसान्काचा, एक यासनाच्या नावाचा, एक घराचा, एक वाटसरूचा. नाणं ज्याच्या तुकड्यात, त्याचं वर्ष चांगलं. निघालं वाटसरूच्या तुकड्यात.

म्हणालो, कोणाचंच नाही, पुन्हा घाल. देसान्कानं तुकडा नाण्यासकट रुमालात बांधला, कोट चढवला आणि कोविल्काकडे देऊन आली. परत आल्यावर म्हणाली, तिची म्हातारी आई विचारत होती, प्रोफेसर पत्र कधी देणार.

सणाच्या दिवशी कामाचं बोलू नये.

१२ फेब्रुवारी, मंगळवार. परीक्षा.

तोंडी. प्रश्नांच्या चिठ्ठ्या बुटाच्या खोक्यात. कारखान्यातली खोकी अजून संपलेली नाहीत. सातांपैकी सहा आले. स्रेतेननं चिठ्ठी उचलली, वाचली, परत घातली, दुसरी उचलली. विचारलं हे काय. म्हणाला, प्रोफेसर, तुम्हीच म्हणता ना, पहिल्या कागदावर विश्वास ठेवू नये. सात गुण.

कोविल्काला चिठ्ठी आली: वरिष्ठांचा आदेश आणि नियंत्रणाचा नियम यांत विरोध आल्यास कर्मचाऱ्यानं काय करावं?

ती उभी राहिली. बसून उत्तर दिलं तरी चालतं, पण उभी राहिली. म्हणाली, लेखी नकार द्यावा. प्रत आपल्याजवळ ठेवावी. आणि ज्यानं हे शिकवलं त्याच्याकडे जावं.

म्हणालो, तिसरा मुद्दा अभ्यासक्रमात नाही, सहकारी.

ती म्हणाली, हो, ते आता कळलं.

तिच्या विद्यार्थी-पुस्तिकेत दहा लिहिले आणि सही केली. या वर्षात दहा मिळवणारी ती एकटीच.

१८ फेब्रुवारी, सोमवार.

परवा कमिशन. पत्र आजच हातावेगळं करायचं, काही झालं तरी. दोन पानांचं एक केलं, एकाचं अर्धं. आटोपशीर लिहिणं हीच खरी अवघड कला. ब्लागोयेचा फोन आला, तब्येत विचारायला. पत्राबद्दल अवाक्षर काढलं नाही. इतका सभ्य माणूस. एवढंच म्हणाला, माझे नऊ जण तयार आहेत कुमा, तू म्हणशील त्या दिवशी नावं नोंदवतो.

दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार.

पत्र दिलं. अखेर तीन ओळींत बसलं: ‘सहकारी कोविल्का यांनी माझ्या सर्व तासांना नियमित हजेरी लावली. परीक्षेत त्यांना दहा गुण मिळाले. हे मी स्वतः पाहिलं आहे.’ खाली सही, तारीख, शिक्का.

एकही शब्द खोटा नाही. जे पाहिलं तेवढंच लिहिलं. तत्त्वाला धक्का नाही.

तिनं कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या वाचलं. एकदा वाचलं, मग कागद उलटून मागं काही आहे का ते बघितलं. मग चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला. म्हणाली, धन्यवाद, प्रोफेसर. मी प्रोफेसर नाही, हे सांगावंसं पहिल्यांदाच वाटलं. पण ती जिना उतरायला लागली होती.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार.

बडतर्फ. बेकरीत कळलं; तिथं सगळंच आधी कळतं. कारण लिहिलंय: मालकाचा विश्वास गमावणे. कमिशनवरच्या एकानं बेकरीतच मला गाठून सांगितलं की सर, तुमचं पत्र आम्ही फार आदरानं फाइलला लावलं.

घरी आलो. देसान्का इस्त्री करत होती. म्हणालो, फार वाईट झालं, व्यवस्थाच अशी आहे. तिनं सदऱ्याची बाही पालटली. म्हणालो, अशा वेळी माणूस एकटा काय करणार, मीसुद्धा एकदा छतावर चढलो होतो, मला विचार. तिनं इस्त्री उभी ठेवली. म्हणाली, तिहोमिर, चढलास खरा. मी खाली शिडी धरून उभी होते, पोटात यासना होती. निम्मी कौलं जुनी होती, तूच मला सांगितलंस. मग तू उतरलास, शाळेच्या पायरीवर बसलास आणि सही केलीस. एप्रिलमध्ये आपल्याला फ्लॅट मिळाला.

तिची स्मरणशक्ती एरवी चांगली आहे. पण परिस्थिती तिला माहीत नव्हती. कौलं निम्म्याहून जरा जास्तच नवी होती.

आज पुस्तकाला हात लावला नाही.

५ मार्च, मंगळवार.

दुसरं सेमिस्टर. कोविल्का सोडून जुने पाच उरले होते, ब्लागोयेचे नऊ आले. चौदा! या विषयात शाखेच्या इतिहासातला सर्वांत मोठा आकडा. डीनबाईंनी स्वतःहून हीटर आमच्या वर्गात आणून ठेवला. आता विषय बंद व्हायची भीती नाही. मी नेहमी म्हणायचो, विषयात दम असला की माणसं येतात.

पहिल्या बाकावर ब्लागोयेचा इंजिनियर बसतो. त्याच्या शेजारी कोविल्काच्या जागेवर नेमलेली नवी मुलगी. बिचारी फार नम्र आहे, मी शिंकलो तरी लिहून घेते. स्रेतेन आता हसवत नाही. खिडकीबाहेर बघत बसतो.

२९ मार्च, शुक्रवार.

दर वर्षी मार्चअखेर प्रत्येक सरकारी कंपनीनं आपल्या नियंत्रण व्यवस्थेचं आपणच मूल्यमापन करून राजधानीला पाठवायचं असतं. मोठी प्रश्नावली, हो-नाहीच्या खुणा. वर्गात मी तिची थट्टा करत आलोय: आजाऱ्यानं स्वतःचाच ताप मोजायचा आणि डॉक्टरला आकडा कळवायचा. ब्लागोये म्हणाला, यंदा तू भर, बाहेरचा तज्ज्ञ म्हणून, जरा वजन येईल. त्याच्या ऑफिसात बसलो. कॉफी, मग दुसरी कॉफी.

‘खरेदी केलेल्या यंत्रसामग्रीची प्रत्यक्ष पाहणी होते का?’ इंजिनियरनं सांगितलं, होते. हो.

‘कर्मचाऱ्यानं गैरप्रकार कळवल्याची प्रकरणं किती?’ इथं थांबलो. मी कोणी साधा माणूस नाही, सहजासहजी खूण करणार नाही. नीट विचार केला. कोविल्कानं कळवलं नव्हतं. तिनं सही नाकारली होती. नियमात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य.

शेवटच्या पानावर सही केली. ब्लागोयेनं वाइनचा मोठा बुधला मला घरी सोडणाऱ्या गाडीत ठेवायला सांगितला. नको म्हणालो. दोनदा म्हणालो. मग रस्त्यात फुटू नये म्हणून मांडीवर धरून आणला.

६ एप्रिल, शनिवार.

कोविल्का व्हिएन्नाला गेली. तिथं एका आजारी म्हातारीला सांभाळायचं काम मिळालंय, राहून-खाऊन. स्वतःची एक्क्याऐंशी वर्षांची आई इथं. तिच्याकडे रोज देसान्का जाणार आहे, तसं दोघींचं ठरलंय. मला आज कळलं.

बसस्टँडवर गेलो नाही. निरोपाला गर्दी झाली की जाणाऱ्याला जड जातं. देसान्का गेली. परत आली तेव्हा अंगात नुसता स्वेटर होता. खुंटीवर तिचा चांगला कोट नाही. विचारलं, कोट कुठंय. म्हणाली, व्हिएन्नात थंडी फार असते.

मग टेबलावर काहीतरी ठेवलं. नाताळच्या भाकरीतलं नाणं. म्हणाली, कोविल्कानं परत दिलंय, तुझ्यासाठी. तिचा निरोप: प्रोफेसरांना सांगा, याची गरज त्यांनाच आहे.

आभार मानणारं पत्र लिहायला हवं. पत्ता नाही.

१४ एप्रिल, रविवार.

सकाळी सहज इमारतीमागच्या शेडकडे गेलो तर सायकलच्या दोन्ही चाकांत हवा. देसान्काला विचारलं. म्हणाली, नोव्हेंबरातच काढून आणलं पंक्चर, तुला सांगितलं होतं. आठवत नाही. सांगितलं असेल.

हवा छान होती. पुस्तकातल्या उदाहरणासाठी माहिती हवीच होती. निघालो. वीस मिनिटं लागतात म्हणतात, सतरा लागली.

तिसरी विहीर. पंपघराचं दार उघडंच. सिमेंटचा ओटा, ओट्यात चार बोल्ट उभे, वर काही नाही. बोल्टांना गंज चढलेला, म्हणजे खूप आधीपासून काही नाही. ओट्यावर एक कुत्री तीन पिल्लांना घेऊन उन्हात झोपली होती.

शेजारच्या द्राक्षबागेतला म्हातारा कुंपणाशी आला. म्हणाला, तुम्हीपण पंप बघायला? शरदात एक बाई आल्या होत्या, चालत, ऑफिसच्या बुटांत, एवढ्या चिखलात. ओट्याजवळ खूप वेळ उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, काका, इथला पंप दुरुस्तीला गेलाय का? म्हटलं, असेल तर जाईल ना पोरी. मग त्यांनी हातरुमालानं ओटा पुसून बघितला, काही असल्याच्या खुणा आहेत का. त्यांनी लिहून घेतलं. तुम्ही काही लिहून घेणार नाही?

म्हणालो, मी फक्त बघायला आलो होतो.

चार बोल्ट. मी मोजले.

१६ एप्रिल, मंगळवार.

चौदा जण हजर. हजेरी घेताना जुनी यादी हातात आली, कोविल्काचं नाव वाचून गेलो. कोणी ‘हजर’ म्हणालं नाही. नव्या मुलीनं मान खाली घातली.

आज तिसरं प्रकरण शिकवायचं होतं. ते लिहून झालेलं नाही. नव्या लोकांनी छताची गोष्ट ऐकली नव्हती, म्हणून ती घेतली. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. इंजिनियरची सही झालेली. छत कुठंय? शिडी. चढलो. खाली सगळं गाव. एकेक कौल मोजायला लागलो. फळ्याकडे वळलो आणि मोठ्या अक्षरात वाक्य लिहिलं.

वर्गाकडे पाठ होती तेवढ्यात मागच्या बाकावरून स्रेतेननं विचारलं. थट्टेचा सूर नव्हता. म्हणाला, प्रोफेसर, खाली उतरल्यावर काय केलंत?

खडू खाली ठेवला. हात पुसले. म्हणालो, तास संपला.

घड्याळात पंचवीस मिनिटं बाकी होती. कोणी उठलं नाही.